साकोदा मास्तर बर्फावर गाडी शिकवतात

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दूर दक्षिणेतल्या कागोशिमाहून नवे मास्तर येणार, असं मालकांनी सांगितलं तेव्हा सुगावारा तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले, "कागोशिमा? तिथे जानेवारीत झाडाला संत्री लागतात. हा गडी इथे येऊन काय शिकवणार? ऊन कसं खायचं ते?"

सुगावारा आमचे मुख्य शिक्षक. जन्म उत्तर टोकाच्या ह्याच एबेत्सु गावातला, आयुष्यभर बर्फावर गाड्या चालवलेला माणूस, तोंडाने तिखट. मी कुमागाइ, काउंटरवर बसते. कोणत्या विद्यार्थ्याला कोणते मास्तर द्यायचे आणि कोणती गाडी, हे माझं काम. माझ्यासमोर मोठी काच आहे आणि काचेपलीकडे सरावाचं मैदान, त्यामुळे इथे कोण कधी घसरलं हे माझ्यापासून लपत नाही.

कागोशिमात आमच्या मालकांच्या भावाची अशीच एक शाळा होती. पोरं कमी झाली, शाळा बंद पडली. इकडे मात्र शिकवणाऱ्यांची चणचण. म्हणून तिथल्या साकोदा मासाहितोंना इकडे पाठवायचं ठरलं. वय पन्नाशीच्या जरासं पुढे. बायको रित्सुको तिकडेच राहणार होती. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, निवृत्ती जवळ आलेली, शिवाय म्हातारी आई तिच्याच आधाराने राहत होती. नवऱ्याने एकट्याने बदलीच्या गावी जाऊन राहायचं हे आमच्याकडे घरोघरी चालतं. त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. ऑक्टोबर संपता संपता साकोदा एक सुटकेस आणि एक पातळसा कोट घेऊन आले, कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मला इथलं काही येत नाही. सांभाळून घ्या."

असं सगळेच नवे लोक म्हणतात. साकोदांच्या बाबतीत मात्र ते शब्दशः खरं होतं.

त्यांच्यासाठी घर मीच शोधलं होतं. एबेत्सुतलं ओआसा हे आमचं उपनगर साप्पोरो शहरात रोज कामाला जाणाऱ्यांसाठी कधीकाळी उभं केलेलं, आणि आता त्या लोकांबरोबरच म्हातारं झालेलं. माझ्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर रिकामं होतं. मी त्यांना सगळं फिरून दाखवलं. बाहेरची रॉकेलची टाकी, दोन दारांमधली ती चिंचोळी जागा जिथे अंगावरचा बर्फ झटकायचा, आणि न्हाणीघराशेजारच्या भिंतीतला पितळी दांडा.

"कडाक्याची थंडी असेल तेव्हा झोपण्याआधी हा फिरवायचा. नळातलं पाणी खाली उतरतं."

"उतरवायचं कशाला?"

"नाहीतर नळातच गोठतं, आणि नळ फुटतो."

ते हसले. मी नव्या माणसाची गंमत करतेय असं त्यांना वाटलं.

पहिला बर्फ नोव्हेंबरात सकाळी पडला. साकोदांचा वर्ग चालू होता. खडू खाली ठेवून ते बाहेर गेले आणि मैदानाच्या मधोमध तोंड वर करून उभे राहिले. पोरं काचेला नाकं लावून त्यांच्याकडे बघत होती. आत आले तेव्हा भुवया पांढऱ्या, आणि चेहरा असा की जणू कोणी बक्षीस दिलंय.

"कुमागाइ-सान, हा आपोआप वितळतो ना?"

"वितळतो की. एप्रिलमध्ये."

"आमच्याकडे राख पडते," ते म्हणाले. "खाडीपलीकडे ज्वालामुखी. वारा आमच्या अंगावर असला की छत्री घेऊनच बाहेर पडायचं. मग अंगणातली राख पिशव्यांत भरायची आणि पालिकेची गाडी येईपर्यंत कोपऱ्यावर ठेवायची. ती काही वितळत नाही. त्या मानाने हे बरंय."

माणूस खुशीत असताना कशाला बोला!

त्याच आठवड्यात संध्याकाळी शाळेची गाडी उभी करताना साकोदांनी सवयीने हँडब्रेक ओढला. सकाळपर्यंत ब्रेक गोठून बसला. गाडी सुरू झाली, पण मागची चाकं फिरेनात. बर्फात दोन रेघा ओढत ती पुढे सरकायला लागली, हट्ट धरून बसलेल्या कुत्र्याला कोणी साखळीने फरफटत न्यावं तशी. सुगावारा गाडीखाली शिरले आणि हातोडीने ठोकून ठोकून त्यांनी चाकं सोडवली.

"इथे थंडीत हँडब्रेक ओढत नाहीत. गिअरमध्ये टाकून ठेवतात."

"सव्वीस वर्षं ओढतोय हो. हात आपोआप जातो."

"मग हाताला सांगा, बदली झालीय म्हणून."

डिसेंबर लागला आणि टायरांनी घोटून घोटून मैदानावरच्या बर्फाचा आरसा झाला. सुगावारांनी साकोदांना रिकामी गाडी देऊन फेऱ्या मारायला लावलं. दुसऱ्याच वळणावर साकोदांनी ब्रेक दाबला. गाडी वळलीच नाही. चाकं उजवीकडे, गाडी सरळ. सावकाश, अगदी निवांत जाऊन तिने कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसलं. साकोदा खाली उतरले आणि, सवयच म्हणायची, ढिगासमोर वाकून त्यांनी माफी मागितली. बाहेर थांबलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ते 'मिकान मास्तर' झाले. मिकान म्हणजे संत्रं.

घरीही तीच गत. एका सकाळी मी दार उघडते तर साकोदा ओल्या पायमोज्यांनी उभे, आणि पायमोजे कडक झालेले. नळ फुटला होता. स्वयंपाकघरभर पाणी झालं होतं आणि त्यावर बर्फाचा पापुद्रा धरत होता. मी प्लंबरला फोन केला, त्यांना शेगडीजवळ बसवलं आणि गरम मिसो सूप दिलं. ते वाटीकडे बघत म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतंत."

"सगळेच एकदा फोडतात," मी म्हटलं. तेही खरंच आहे.

पहाटे पालिकेचं यंत्र रस्त्यावरचा बर्फ ढकलत जातं आणि जाताना प्रत्येकाच्या फाटकासमोर दगडासारख्या ढेकळांचा बांध टाकून जातं. तो फोडल्याशिवाय कामावर निघता येत नाही. साकोदा बागेतल्या खुरप्याएवढ्या फावड्याने तो उकरत बसायचे आणि उकरलेलं पुन्हा रस्त्यावर टाकायचे. समोरच्यांनी खिडकी उघडून त्यांना सुनावलं, तेव्हा त्यांना कळलं की ज्याचा बर्फ त्याने आपल्याच अंगणात रचायचा असतो. मी माझं ढकलायचं मोठं फावडं दिलं. ते वापरायची युक्ती पाठीला कळते, डोक्याला नाही. पहिले पंधरा दिवस ते जिना चढताना कठडा धरून चढत होते.

रोज संध्याकाळी ते रित्सुकोला फोन करत. घर उबदार आहे, माणसं चांगली आहेत, काम छान चाललंय. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

वर्षअखेरीच्या सुट्टीआधी ते मालकांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. टेबल माझ्या पाठीमागेच असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मला एप्रिलपर्यंत फक्त वर्गातच शिकवू द्या. जे मला येत नाही ते मी दुसऱ्याला कसं शिकवू?"

"साकोदा-सान, आमच्याकडे निम्मं वर्ष बर्फच असतो," मालक म्हणाले. "निम्मं वर्ष तुम्ही फळ्यासमोर उभे राहणार असाल, तर तुमच्या गाड्या कोणी चालवायच्या? मी?"

साकोदा वाकले, बाहेर आले आणि कॉफीच्या मशीनसमोर बराच वेळ नुसते उभे राहिले. बटण काही दाबलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला त्सुजी हारुएबाई आल्या. साठी कधीच ओलांडलेली, गोल चेहरा, डोक्याला रुमाल, खांद्यावर बर्फ. बस कमी झाल्यामुळे चालतच आल्या होत्या. तरुणपणी गाडीचा परवाना काढला होता, पण नंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. नवरा आयुष्यभर दुधाचा टँकर चालवणारा, त्यामुळे घरात दुसऱ्या ड्रायव्हरची गरजच पडली नाही. आता त्याचे डोळे अधू झाले होते आणि शरद ऋतूत त्याने आपला परवाना परत केला होता. तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता, घर विकू आणि स्टेशनजवळ फ्लॅट घेऊ.

"मला घर सोडायचं नाही," हारुएबाई म्हणाल्या. "म्हणून गाडी शिकायचीय. आणि ह्यांना कळता कामा नये."

"एप्रिलमध्ये या की. रस्ते मोकळे होतील."

"एप्रिलमध्ये कोणालाही येईल. मला बर्फात आली पाहिजे. नाहीतर हे म्हणतील, उरलेलं निम्मं वर्ष काय घरात कोंडून घ्यायचं?"

बाकीच्या मास्तरांच्या वेळा भरलेल्या होत्या. शिवाय साकोदांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. मी त्यांचं नाव लिहिलं. सुगावारांनी पाठीमागून डोकावून पाहिलं. "ह्यांना बर्फ येत नाही, त्यांना गाडी येत नाही. कुमागाइ-सान, लग्नं जुळवायची कामं घ्या तुम्ही."

पहिल्याच दिवशी गाडीत बसल्यावर साकोदांनी खरं सांगून टाकलं. "मी दक्षिणेकडचा. हा माझा पहिलाच हिवाळा आहे. तुम्हाला दुसरे मास्तर हवे असतील तर मी वाईट वाटून घेणार नाही."

"अगं बाई! मग आपल्यात मास्तर कोण?"

"क्लचपुरता मी," साकोदा म्हणाले. "बर्फाचं बघू."

तास संपला की हारुएबाई माझ्या काउंटरजवळच्या शेगडीपाशी बसून चहा घ्यायच्या आणि हे सगळं मला रंगवून सांगायच्या. साकोदा त्यांना घाई करायचे नाहीत. त्यांना स्वतःलाच धास्ती असल्यामुळे ते सगळं फार आधी सांगायचे. "चौक येतोय. आत्ताच पाय उचला. तिथे पोचल्यावर नको, आत्ता." बाईंना ते पटायचं. कुठल्या झाडाच्या सावलीत दुपारपर्यंत रस्ता गोठलेला राहतो, हे त्यांना पायी चालून ठाऊक होतं, ते त्या साकोदांना सांगायच्या. पण आत्मविश्वास कधी कधी अंगाशी यायचा. एकदा त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "ह्या गल्लीतून घेते, इथला बर्फ घट्ट आहे, मी रोज चालते." गाडी गल्लीत शिरली आणि दारांपर्यंत खचली. सुगावारांना दोर घेऊन जावं लागलं.

"त्सुजीबाई, तुमचं वजन आणि गाडीचं वजन एकच धरलंत का?"

"मग गाडीला खायला कमी घाला ना."

सुगावारा दोर गुंडाळता गुंडाळता हसले म्हणे.

महिनाअखेरीची गोष्ट. सकाळ लख्ख होती, आकाश निळंशार. साकोदा आणि हारुएबाई नदीकडच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर गेले. तिथे रहदारी कमी, म्हणून नवशिक्यांना बरं पडतं. वाऱ्याचा इशारा दुपारचा होता. वारा आधीच आला.

आमच्याकडे वादळाला आकाशातून बर्फ पडावा लागत नाही. शेतातला पडलेलाच बर्फ वारा उचलतो आणि आडवा फेकतो. वर ऊन असतं आणि खाली आपल्या गाडीचं नाक दिसत नाही. हारुएबाई चालवत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, रस्ता गेला." साकोदा गावाकडच्या बोलीत काहीतरी ओरडले, ते बाईंना एक अक्षर कळलं नाही. मग स्वतःला सावरून नेहमीच्या भाषेत म्हणाले, "पाय उचला. ब्रेक नको. वर बघा, खांबावरचा लाल बाण दिसतोय? त्याच्या खाली रस्त्याची कड आहे. तेवढाच धरा." एका बाणापासून दुसऱ्या बाणापर्यंत त्या रांगत गेल्या. तिसरा बाण दिसलाच नाही. गाडी मऊ बर्फात शिरली आणि थांबली.

साकोदांनी इंजिन बंद करायला लावलं. धुराची नळी बर्फाखाली गेली की धूर आत येतो, एवढं त्यांना सुगावारांनी बजावून ठेवलेलं होतं. ते फावडं घेऊन बाहेर गेले, एका हाताने गाडीला धरून मागे पोचले, नळी मोकळी केली. परत येऊन बसले तेव्हा पापण्या चिकटलेल्या आणि हात असे कापत होते की त्यांना दार नीट ओढता येईना. बाईंनी पलीकडे वाकून ते ओढलं आणि खिशातली हात शेकायची गरम पुडी त्यांच्या हातात कोंबली.

"मास्तर, घाबरलात?"

"हो."

"खूप?"

"हात बघा ना."

"आमचे हे कधी कबूल करायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "दुधाची गाडी चालवायचे तेव्हा म्हणायचे, मला कशाचीच भीती नाही. आणि झोपेत ब्रेक दाबायचे. सगळ्या लाथा मी खाल्ल्यात."

साकोदा हसायला लागले. हसू थांबेना. बाई म्हणतात, त्या हसण्यात थोडं रडूही होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही, काचेकडे बघत बसल्या. मग साकोदांनी एकदम सगळं सांगितलं. बायकोला रोज खोटं बोलतो, सकाळी फाटकातला बर्फ दिसला की दार परत लावून घेतो, सव्वीस वर्षं जे काम मान वर करून केलं तेच आता मान खाली घालून करतोय. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी काही उपदेश केला नाही. आणखी एक पुडी काढून दिली.

काही वेळाने पिवळा दिवा गरगरत आला. पालिकेचं बर्फ ढकलणारं यंत्र होतं. चालकाने काचेवर टकटक केली, आत वाकून पाहिलं आणि थक्क झाला. "त्सुजींच्या घरच्या ना तुम्ही? आणि गाडी चालवताय?" त्याने दोर लावून गाडी ओढून काढली आणि म्हणाला, "माझ्या मागोमाग या. मागचा लाल दिवा सोडू नका."

हारुएबाई पट्टा सोडायला लागल्या. "मास्तर, तुम्ही बसा इकडे."

"नको," साकोदा म्हणाले. "माझे हात कापताहेत, तुमचे नाहीत. चालवा तुम्ही. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर आहे."

अशी त्या दोघांनी गाडी परत आणली. मी काचेजवळच उभी होते. मैदानात शिरल्यावर बाईंनी गाडी अगदी दोन रेषांच्या मधोमध उभी केली, आणि साकोदांचा हात हँडब्रेककडे गेला, थांबला, आणि परत आला.

मालक संतापले होते. वाऱ्याचा इशारा असताना तिकडे गेलातच कसे? साकोदांनी सगळी चूक आपली म्हणून सांगितलं आणि कामावरून मोकळं करायची विनंती केली. मालक काही बोलायच्या आत सुगावारा मध्ये पडले. "मोकळं करून काय होणार? परत नवा माणूस येणार, तो पण हँडब्रेक ओढणार." मग साकोदांकडे वळून म्हणाले, "उद्यापासून शाळा उघडायच्या आधी या. मी तुम्हाला त्याच रस्त्यावर नेतो. आणि हे तुमच्यासाठी नाही, मला गाड्यांची काळजी आहे."

ते खरोखर रोज घेऊन जात. थंडीत दोघं परत यायचे तेव्हा सुगावारा शिव्या घालत असायचे आणि साकोदा मान डोलावत असायचे. काय शिकवलं, मला माहीत नाही. पण फेब्रुवारीत साकोदा मैदानातल्या त्याच वळणावरून ब्रेकला पाय न लावता गेले, आणि ह्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचंच त्यांना बरं वाटलं असणार.

मग व्हायचं तेच झालं. यंत्रवाल्या चालकाने आपल्या जुन्या मित्राला, म्हणजे हारुएबाईंच्या नवऱ्याला, जाऊन सांगितलं. चार दिवसांनी त्सुजी-सान स्वतः, काठी टेकत, हारुएबाईंच्या हाताला धरून काउंटरवर हजर.

"कोण तो मिकान? माझ्या बायकोला वाऱ्यात घेऊन जाणारा?"

साकोदा उठून उभे राहिले आणि वाकले. त्सुजींना ते नीट दिसलं नसावं. ते भलत्याच दिशेला बोलत राहिले. "मला न विचारता! ह्या वयात! आणि मास्तर कोण, तर ज्याने बर्फ टीव्हीवर पाहिला तो!"

"अहो, ते तिकडे उभे आहेत," हारुएबाईंनी त्यांना खांद्याला धरून वळवलं. "आणि मी चालवत होते, ते नव्हते."

शेवटी असं ठरलं की पुढच्या तासाला त्सुजी-सान मागच्या सीटवर बसणार. गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मागून सुरू झालं. ब्रेक. सावकाश. अगं, डावीकडे. ब्रेक म्हणतोय ना. तिसऱ्या चौकात हारुएबाईंनी गाडी कडेला घेतली, दिवे लावले आणि मागे वळल्या.

"अहो, उतरता का? इथून बस आहे. दीड तासाने येते."

त्सुजी-सानांनी पट्टा आवळून घेतला. साकोदा समोर बघत राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते. परत आल्यावर म्हातारा काउंटरशी थांबला आणि मला म्हणाला, "हिच्यापेक्षा मी बरा चालवायचो." जरा थांबून म्हणाला, "पण हिला भीती कमी आहे." घर विकायची गोष्ट त्यानंतर हारुएबाईंच्या तोंडून मी ऐकली नाही. अजूनही ते तिथेच राहतात. त्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जातात, आणि वाटेत ते ब्रेक, ब्रेक म्हणत असतात.

फेब्रुवारीतच रित्सुको चार दिवसांसाठी आली. साकोदा तिला आणायला स्वतः विमानतळावर गेले. दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला आली, सोबत संत्र्यांची पेटी. बारीक चणीची, चटचट बोलणारी बाई.

"कुमागाइ-सान, खरं सांगा. हा इथे सुखात आहे का?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"विमानतळापासून घरापर्यंत प्रत्येक वळणावर श्वास रोखून धरत होता. फोनवर मात्र सगळं छान. घरी गेल्यावर मी विचारलं, मासाहितो, तू मला किती दिवस छान छान सांगतोयस? तर म्हणतो, पहिल्या दिवसापासून." तिने डोळे पुसले आणि लगेच चिडून म्हणाली, "शाळेत माझ्याच बेंचवर बसायचा. तेव्हाही पोटात दुखत असलं तरी सांगायचा नाही."

त्या चार दिवसांत तिने फ्रीज भरला, खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावल्या आणि नवऱ्याकडून एक कबूल करून घेतलं. रोज फोनवर एक तरी वाईट गोष्ट सांगायची. साकोदा म्हणाले, त्याने संध्याकाळ बरी जायला लागली. वाईट गोष्ट शोधताना कधी कधी चांगलीच आठवायची.

एप्रिलमध्ये रस्त्याचं डांबर उघडं पडलं, कडेच्या काळ्या ढिगांतून पाणी वाहायला लागलं, आणि दक्षिणेतून निरोप आला. मियाझाकीत एका ओळखीच्या शाळेला मास्तर हवे होते. कागोशिमाच्या शेजारीच. रित्सुकोला सुट्टीच्या दिवशी जाऊन येता येईल एवढं जवळ. मालकांनी साकोदांना सांगितलं, जायचं असेल तर मी अडवणार नाही. आम्ही सगळे धरून चाललो होतो की ते जाणार. सुगावारांनी तर निरोपाच्या जेवणाचं हॉटेलही मनात ठरवून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी साकोदा माझ्याकडे आले. "नाही म्हणून कळवलं."

"अहो, का?"

त्यांनी बाहेर पाहिलं. मैदान ओलं, राखाडी, अगदी कुरूप दिसत होतं. "आत्ता गेलो तर ह्या गावातला माझा फक्त घाबरून काढलेला हिवाळा उरेल. एखादा बरा हिवाळा काढून मग बघू." मग जरा ओशाळून म्हणाले, "आणि रित्सुकोला विचारलं. ती म्हणाली, तुझं तू ठरव, पण घाबरून माझ्याकडे परत येऊ नकोस."

त्या उन्हाळ्यात रित्सुकोची आई गेली. साकोदा अंत्यविधीला गेले आणि बरेच दिवस तिकडे राहिले. परत आले ते एकटेच, पण पुढच्या वसंतात नोकरी संपल्यावर रित्सुको सामान घेऊन कायमची आली. मधला हिवाळा साकोदांनी कसा काढला विचाराल, तर विशेष सांगण्यासारखं काही घडलं नाही. दोनदा घसरले. नळ फुटला नाही. सुगावारा त्यांना अजून मिकानच म्हणतात, पण नवशिके आणि घाबरट विद्यार्थी आले की मला हळूच खूण करतात, ह्यांना त्याच्याकडे द्या.

रित्सुकोला इथली थंडी मुळीच आवडली नाही. घरात दोन स्वेटर घालते, रॉकेलच्या बिलावरून कुरकुरते, समोरच्यांशी बर्फावरून तिचं एकदा वाजलंही. पण बाजारहाट तिला स्वतः करायचा असतो आणि दक्षिणेत ती रोज गाडी चालवायची. ती आली त्या वर्षीचा पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात साकोदा तिला सरावाला बाहेर घेऊन गेले. किती वेळ बाहेर होते ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच, गालांना लाली आलेली, काउंटरवर येऊन उभी राहिली.

"मला बर्फातले तास हवेत. दहा."

"साकोदा-सानच शिकवतील की तुम्हाला. घरचे मास्तर."

"त्याचं नाव काढू नका. चौक दिसायच्या आधीपासून पाय उचल, पाय उचल, पाय उचल! कोणाला शिकवतोय हा, मला की शाळेतल्या पोराला? मला ते दुसरे द्या. तोंडाने तिखट आहेत ना, ते."

मी सुगावारांच्या मोकळ्या वेळा बघायला लागले. तेवढ्यात साकोदा एका विद्यार्थ्याला सोडून आत आले. बायकोला काउंटरवर पाहून जागीच थांबले. तिने वळूनही पाहिलं नाही.

"सुगावारा-सान मंगळवारी सकाळी मोकळे आहेत," मी म्हटलं.

"चालेल."

साकोदा पुढे आले, बूट झटकले आणि हळूच म्हणाले, "सकाळी नदीकडचा रस्ता निसरडा असतो. दुपारचं दिलंत तर बरं."

"सकाळचंच लिहा," रित्सुको म्हणाली.

मी सकाळचंच लिहिलं.